कठीण काळानंतर पुन्हा लेखनाकडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जवळच्या माणसाचा मृत्यू, स्वतःचे किंवा घरातले दीर्घ आजारपण, मोडलेले लग्न, नैराश्य अशा कारणांनी ज्यांचे सर्जनशील लेखन थांबले आणि जे आता ते पुन्हा हाती घेऊ पाहत आहेत, त्यांच्याकडून वरचेवर येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे देणाऱ्याने काही वर्षे इतरांच्या हस्तलिखितांवर संपादक म्हणून काम केले आहे, आणि वडिलांच्या आजारपणात व त्यानंतर मिळून जवळजवळ दोन वर्षे स्वतः एक ओळही लिहिलेली नाही. काही उत्तरे त्या कामातून आलेली आहेत, तर काही त्या दोन वर्षांतून.

किती काळ न लिहिणे स्वाभाविक मानावे?

असा कोणताही ठरावीक काळ नाही, आणि तो ठरवू पाहणाऱ्या हितचिंतकांचे फार मनावर घेऊ नये. साने गुरुजींच्या आई १९१७ मध्ये गेल्या. 'श्यामची आई'चा बहुतांश भाग त्यांनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहून काढला. हे पाच दिवस सर्वांना ठाऊक असतात, त्याआधीच्या पंधरा-सोळा वर्षांचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. इंदिरा संत यांचे पती १९४६ मध्ये गेले आणि 'शेला' हा संग्रह १९५१ मध्ये आला. फ्रेंच कवी आणि कादंबरीकार व्हिक्टर ह्यूगो यांची मुलगी सप्टेंबर १८४३ मध्ये नदीत बुडून गेली. त्यानंतर त्यांचा नवा कवितासंग्रह यायला १८५३ उजाडले, आणि त्या मृत्यूला सामोरा जाणारा संग्रह तर १८५६ मध्ये आला. ह्यूगो या काळात लिहीतच नव्हते, असे नाही. १८४५ मध्ये त्यांनी एक मोठी कादंबरी सुरू केली होती, ती १८६२ मध्ये पूर्ण होऊन बाहेर पडली. बाहेरून ज्याला खंड म्हटले जाते त्याच्या आत बरेच काही चाललेले असू शकते. लेखक काही छापत नाही, म्हणजे त्याचे लेखन संपले, असा अर्थ काढण्याची घाई सर्वांत आधी बहुधा लेखक स्वतःच करतो.

काही सुचतच नाही. ही शक्ती कायमची गेली असेल का?

बहुतेक वेळा गेलेली असते ती झोप आणि एकाग्रता, आणि तिलाच आपण प्रतिभा गेली असे म्हणतो. कथा रचताना मनाला एकाच वेळी पुष्कळ गोष्टी धरून ठेवाव्या लागतात: पात्राला या क्षणी काय माहीत आहे, वाचकाला काय माहीत आहे, मागच्या परिच्छेदाचा सूर कोणता होता, हे वाक्य कुठे टेकणार आहे. शोकात किंवा नैराश्यात मन त्याच त्या विचारांभोवती फिरत राहते, झोप तुटक होते आणि काही क्षण एखादी गोष्ट मनात धरून ठेवण्याची ताकद कमी होते. अशा अवस्थेत तीनशे पानी कादंबरीचा आराखडा डोक्यात उभा राहत नाही, यात नवल नाही. याउलट आठ ओळींचे टिपण किंवा एखादी छोटी कविता तेव्हाही जमू शकते, कारण तिचा सगळा पसारा एका नजरेत मावतो. म्हणून पहिले काही महिने प्रकार लहान ठेवावा. कादंबरीकाराला हे कमीपणाचे वाटते, हे मला माहीत आहे. मलाही वाटले होते.

हे केवळ लेखनाचे अडणे आहे की आजार, हे कसे ओळखावे?

अडचण केवळ कागदापुरती असेल, म्हणजे लिहिता येत नाही पण जेवण, झोप, कामधंदा, माणसांशी बोलणे बऱ्यापैकी चालू आहे, तर ती लेखनाचीच अडचण मानावी. मात्र मन जवळजवळ सतत उदास असणे, कशातच रस न वाटणे, झोप आणि भूक बिघडणे, स्वतःविषयी निरुपयोगीपणाची भावना येणे ही लक्षणे दोन आठवडे किंवा त्याहून अधिक टिकली, तर डॉक्टरांना भेटावे. शोक दीर्घकाळ तसाच तीव्र राहून रोजचे जगणे अडवत असेल, तर त्याचीही आता स्वतंत्र विकार म्हणून नोंद होते: जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात किमान सहा महिने, आणि २०२२ मध्ये सुधारलेल्या अमेरिकन मनोविकार पुस्तिकेत प्रौढांसाठी किमान बारा महिने ही मर्यादा धरली आहे. जीव नकोसा वाटण्याचे विचार येत असतील, तर कोणत्याही मुदतीची वाट न पाहता त्याच दिवशी मदत घ्यावी.

याला जोडूनच औषधांविषयी विचारले जाते. नैराश्यावरची काही औषधे घेताना भावना बोथट झाल्यासारख्या वाटतात, अशी तक्रार अनेक जण करतात आणि ती काल्पनिक नाही. परंतु कविता सुचावी म्हणून औषध आपल्या मनाने बंद करणे धोक्याचे आहे. ते अचानक थांबवल्याने वेगळाच त्रास उद्भवू शकतो. ही तक्रार डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगावी, मात्रा किंवा औषध बदलता येते. 'मी लेखक आहे आणि मला हे असे जाणवते' असे सांगण्यात संकोच बाळगू नये.

सुरुवात नेमकी कुठून करावी?

वाक्यापासून करावी. या सगळ्या प्रश्नांना माझ्याकडे जर एकच उत्तर असेल, तर ते हे आहे. परतणारा लेखक बहुधा विषयापासून सुरुवात करतो. एवढे घडून गेले आहे, तर आता जे लिहायचे ते त्या घडण्याच्या तोलाचे असले पाहिजे, असे त्याला वाटते. मग तो मोठा विषय समोर घेऊन बसतो आणि पहिल्याच पानावर अडतो. दोन वर्षे गवयाने गळा बंद ठेवला असेल तर तो मैफलीपासून सुरुवात करत नाही, आधी षड्ज लावतो. लेखकाचा षड्ज म्हणजे एक सरळ, नीट उभे राहिलेले वाक्य.

त्यासाठी भावनेचा भार नसलेली कामे हाती घ्यावीत. दुसऱ्या भाषेतील एखाद्या आवडत्या पानाचा अनुवाद करावा, स्नेह्याच्या पुस्तकाचे मुद्रितशोधन मागून घ्यावे, स्वतःच्याच जुन्या लेखातील एक परिच्छेद निम्म्या शब्दांत बसवून पाहावा. या कामांत काय सांगायचे हा प्रश्न सुटलेला असतो आणि कसे सांगायचे एवढाच उरतो, म्हणून हात मोकळा होतो. माझे स्वतःचे लेखन सुरू झाले ते एका परिचिताच्या शेतीविषयक पुस्तिकेच्या मुद्रितशोधनातून. ठिबक सिंचनावरच्या एका लांबलचक वाक्यात क्रियापद कुठे ठेवावे यावर मी वीस मिनिटे घालवली, आणि उठताना लक्षात आले की ती वीस मिनिटे दुसरे काहीही मनात आले नव्हते.

त्यानंतर वस्तूंकडे वळावे. एक उदाहरण देतो. लेखनाच्या एका छोट्या वर्गात आई गेलेल्या एका लेखिकेने लिहिले होते: 'आई गेल्यावर घर सुने झाले, प्रत्येक वस्तूत तिची आठवण होती.' वाक्यात चूक काही नाही, पण ते कोणाच्याही घराला लावता येते. तिला एकच वस्तू निवडायला सांगितली, तेव्हा तिने चष्मा निवडला आणि पुन्हा लिहिले: 'आईचा चष्मा मला फार आवडायचा, तो पाहून डोळे भरून आले.' येथेही चष्मा दिसत नाही, डोळेच दिसतात. तिसऱ्या वेळी तिला सांगितले की स्वतःला काय वाटले ते लिहायचे नाही, हातांनी काय केले तेवढेच लिहायचे. ती लिहून आली: 'चष्मा पुसायला घेतला, तर उजव्या काचेवर अंगठ्याचा ठसा होता. तसाच घडी करून ठेवला.' दुःखाचा एकही शब्द नसताना दुःख आले. या तिसऱ्या रूपाकडे ती विषयाच्या थोरवीतून पोचली नव्हती. 'वाटणे' काढून 'करणे' ठेवणे या अगदी कोरड्या, कारागिरीच्या सूचनेतून पोचली होती.

रोज किती वेळ लिहावे?

वीस मिनिटे पुरेत. वेळ संपली की वाक्य अर्धे असले तरी उठावे, म्हणजे दुसऱ्या दिवशी बसायला कारण राहते. शब्दसंख्येचे लक्ष्य पहिले दोन-तीन महिने ठेवू नये, कारण ते चुकले की मन त्याचा हिशेब मांडू लागते आणि आधीच जड असलेल्या दिवसात आणखी एक उणे जमा होते.

लिहून काढल्याने मन हलके होते, असे म्हणतात. हे खरे आहे का?

काही प्रमाणात खरे आहे, पण ज्या रूपात हे सांगितले जाते तेवढे सरळ नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, दर वेळी पंधरा मिनिटे, आयुष्यातील आघाताविषयी लिहायला सांगितले होते. लिहून झाल्यावर लगेच त्यांना अधिक वाईट वाटले. पुढच्या काही महिन्यांत मात्र आघाताच्या घटनेबरोबर त्याविषयीच्या भावनाही लिहिणाऱ्यांच्या आरोग्यकेंद्रातील फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. नंतर या पद्धतीवर शेकडो प्रयोग झाले. त्यांचा एकत्रित निष्कर्ष असा की सरासरी परिणाम होतो, पण तो लहान असतो आणि माणसागणिक बदलतो.

लेखकाने यातून दोन गोष्टी घ्याव्यात. लिहिल्यावर त्या संध्याकाळी वाईट वाटले, तर काही बिघडले असे समजू नये. आणि त्या प्रयोगातील कागद कोणा वाचकासाठी नव्हते, शुद्धलेखनाची चिंता करू नका असेच लिहिणाऱ्यांना सांगितले जात होते, हे विसरू नये. मन हलके करणारे लेखन आणि वाचकासमोर ठेवायचे लेखन ही दोन वेगळी कामे आहेत. लिहिताना तेच शब्द, तीच तक्रार, तोच प्रसंग आठवडेच्या आठवडे गोल फिरत असेल आणि दर वेळी आपण अधिकच खोल जात असू, तर ते लेखन थांबवून कोणाशी तरी बोलावे.

मग ही दोन लेखने वेगळी ठेवायची कशी?

दोन वह्या ठेवाव्यात, आणि शक्यतो त्या दिसायलाही वेगळ्या असाव्यात. पहिली खाजगी: तिच्यात वाट्टेल ते, वाट्टेल तसे, कोणावरही राग काढत लिहावे आणि ती कोणालाही दाखवू नये. दुसरी कामाची. खाजगी वहीतून कामाच्या वहीत काही आणायचे झाल्यास ते पान समोर ठेवून उतरवू नये. पहिली वही मिटून, जे आठवते तेच नव्याने लिहावे. एवढ्या गाळणीतून बरेच काही खाली पडते, आणि जे पडते ते बहुधा पडण्याच्याच लायकीचे असते. संगणकावर लिहिणाऱ्यांना हे जड जाते, कारण तेथे उतरवणे फार सोपे आहे.

जे घडले त्याविषयीच लिहिले पाहिजे का? सर्व जण तीच अपेक्षा करतात.

नाही. 'आता यावर पुस्तक लिही' हे सांत्वनाचे वाक्य झाले आहे, आणि बोलणाऱ्याचा हेतू चांगला असला तरी ऐकणाऱ्यावर त्याचे ओझे होते. परतल्यावर एखाद्याने विनोदी कथा लिहिली, विज्ञानकथा लिहिली किंवा मुलांसाठी पक्ष्यांवर पुस्तक लिहिले, तर तो काही टाळतो आहे असे मानण्याचे कारण नाही. जे जगलो ते कोणत्याही विषयात उतरतेच; पात्रे कशी गप्प बसतात, कोणता तपशील नजरेला टोचतो, यात ते दिसते.

त्या घटनेवर लिहायचे ठरवले, तरी सगळेच लिहावे लागते असेही नाही. वर उल्लेखिलेल्या ह्यूगो यांच्या १८५६ च्या संग्रहात मुलीच्या मृत्यूच्या तारखेचे एक पान आहे: वर '४ सप्टेंबर १८४३' एवढीच तारीख, खाली ठिपक्यांची एक ओळ. शब्दांवर एवढी हुकमत असलेल्या कवीने तेरा वर्षांनंतरही तो दिवस लिहिला नाही, त्याची जागा मात्र सोडली. आपल्या लेखनात अशी न लिहिलेली जागा कोणती असावी, हा निर्णयही लेखनाचाच भाग आहे.

अर्धवट राहिलेल्या जुन्या हस्तलिखिताचे काय करावे?

हा प्रश्न सर्वांत अधिक विचारला जातो, आणि त्याला थोडे सविस्तर उत्तर द्यावे लागेल.

जुन्या खर्ड्याकडे परतताना पहिली चूक होते ती शेवटच्या पानापासून पुढे लिहायला बसण्याची. तो खर्डा ज्याने लिहिला त्याच्या आणि आपल्या मध्ये काही घडून गेले आहे. आवाज जुळणार नाही, सांधा दिसेल. म्हणून आधी संपूर्ण बाड छापून घ्यावे आणि दोन-तीन बैठकांत, हातात पेन न घेता वाचावे. पेन घेतले की आपण स्वल्पविराम दुरुस्त करू लागतो आणि खरा प्रश्न बाजूला पडतो. खरा प्रश्न असा की हे सांगणाऱ्या निवेदकावर आज माझा विश्वास बसतो का.

माझ्या अर्ध्या राहिलेल्या कादंबरीत रुग्णालयातील एक प्रकरण होते, प्रत्यक्ष तो अनुभव येण्यापूर्वी लिहिलेले. त्यात मुलगा आणि बाप पूर्ण वाक्यांत बोलत होते, खिडकीबाहेर पाऊस होता आणि बापाने तीस वर्षांपूर्वीच्या एका गोष्टीची क्षमा मागितली होती. पुढे प्रत्यक्षात सात आठवडे मी ज्या खाटेशेजारी बसलो, तेथे बोलणे झाले ते मोबाईलचा चार्जर कुठे ठेवला, पलीकडच्या खाटेवरच्या माणसाला आज घरी सोडणार का, आणि अर्जावर जन्मतारीख कोणती घालायची, कारण वडिलांच्या दोन जन्मतारखा होत्या. क्षमेचा विषय निघाला नाही. ते प्रकरण वाचताना मला लाज वाटली आणि थोडा रागही आला. प्रकरण काढून टाकले. पण त्या दोन जन्मतारखांनी पुढे कादंबरीला नवी सुरुवात दिली.

हे सांगण्याचे कारण एवढेच, की जुना खर्डा वाचल्यावर तीन-चार वेगवेगळे निष्कर्ष निघू शकतात आणि ते सगळेच वैध आहेत. खर्डा आजही जिवंत वाटला तर तो पूर्ण करावा, मात्र शेवटची वीस-पंचवीस पाने आधी पुन्हा लिहून घ्यावीत, म्हणजे हात त्या सुराला लागतो. काही पात्रे किंवा एखादे प्रकरण तेवढे टिकणारे वाटले तर त्याची कथा करावी. सगळेच परके वाटले तर बाड तारीख घालून बाजूला ठेवावे आणि किमान सहा महिने त्याविषयी निर्णय घेऊ नये. पूर्वी एवढे श्रम घातले म्हणून आता पुरे केलेच पाहिजे, या कारणासाठी मात्र पुढे लिहू नये. अशी पुस्तके संपादकाला तिसऱ्या पानावर ओळखू येतात.

शैली बदलली आहे. पूर्वीच्या वाचकांना ती पटेल का?

काहींना पटणार नाही. वाक्ये आखूड होणे, उपमा कमी होणे, विनोद कोरडा होणे हे बदल पुष्कळांच्या बाबतीत दिसतात. जुनी शैली प्रयत्नपूर्वक आणणे म्हणजे स्वतःचीच नक्कल करणे, आणि नक्कल वाचकाला मूळ बदलापेक्षा लवकर कळते.

घरच्या माणसांविषयी लिहिताना कोणती काळजी घ्यावी?

आपला शोक आपला असला, तरी त्यातील प्रसंग एकट्याचे नसतात. भावाने त्या रात्री काय म्हटले हे भावाचेही आहे. प्रकाशित करण्यापूर्वी ज्यांचा उल्लेख स्पष्ट ओळखू येईल त्यांना तेवढा भाग वाचायला द्यावा आणि 'परवानगी द्या' असे न म्हणता 'काही चुकीचे आहे का, काही खुपते आहे का' असे विचारावे. आजाराचे तपशील, पैशांचे वाद आणि लहान मुलांच्या गोष्टी यांबाबत खुपते म्हटल्यास बहुधा ऐकावे. मुले तर नकार देण्याच्या वयाचीही नसतात, त्यांच्या वतीने लेखकानेच नकार द्यावा.

कायद्याची बाजू देशागणिक वेगळी आहे, पण दोन गोष्टी बहुतेक ठिकाणी लागू पडतात: केवळ नाव बदलल्याने बदनामीचा दावा टळत नाही, व्यक्ती इतर खुणांवरून ओळखू येत असेल तर प्रश्न उरतोच, आणि मोडलेल्या लग्नाविषयी लिहिताना न्यायालयात प्रकरण चालू असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय काहीही छापू नये. गेलेल्या माणसाची पत्रे छापायची असतील, तर कागद आपल्याकडे असला तरी मजकुराचा हक्क पत्र लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या पश्चात वारसांचा असतो, हेही ध्यानात ठेवावे.

मुदत केव्हाच उलटून गेली आहे. संपादकांना आता काय कळवावे?

थोडक्यात आणि खरे ते कळवावे. मुदत चुकल्याने संपादक जितका अडचणीत येतो, त्याहून अधिक तो लेखक गप्प राहिल्याने येतो. दोन-तीन पानांचे दिलगिरीपत्र लिहायला जमत नाही म्हणून अनेक जण सहा महिने काहीच कळवत नाहीत, आणि मग ते पत्र आणखी अवघड होऊन बसते. पुढील पाच वाक्ये पुरेशी आहेत: 'घरातील एका मृत्यूमुळे मी मार्चपासून काम करू शकलेलो नाही. हस्तलिखिताची सहा प्रकरणे तयार आहेत, चार बाकी आहेत. पहिली सहा मी या महिनाअखेर पाठवतो. उरलेल्यांविषयी आज तारीख देणे मला शक्य नाही, ती मी तेव्हा कळवीन. हे वेळापत्रक आपल्याला चालणारे नसेल, तर तसे मोकळेपणाने सांगावे.' आजाराचे किंवा शोकाचे तपशील देण्याचे बंधन नाही. ज्या मुदतीची खात्री नाही ती उत्साहाच्या भरात देऊ नये, कारण दुसऱ्यांदा चुकलेली मुदत पहिलीपेक्षा महाग पडते.

आगाऊ मानधन घेतले असेल तर पत्र लिहिण्यापूर्वी करार काढून वाचावा. हस्तलिखित न दिल्यास रक्कम परत करण्याचे कलम त्यात बहुधा असते, परंतु वाढीव मुदत लेखी मान्य झाली तर ते लगेच लागू होत नाही. म्हणून फोनवर 'काही हरकत नाही' असे उत्तर मिळाले, तरी तेवढे एका ओळीत लिहून मागावे. आपण बोललो तो संपादक उद्या दुसऱ्या ठिकाणी गेलेला असू शकतो.

वाचनही होत नाही. हे लेखनाच्या आड येईल का?

काही काळ येईल. मोठे पुस्तक झेपत नसेल तर पूर्वी वाचलेले पुन्हा वाचावे. पुढे काय होणार हे ठाऊक असल्याने मनावर ताण येत नाही आणि लक्ष भाषेकडे जाते. ऐकण्याची पुस्तके ही पळवाट समजू नये.

लिहिताना अपराधी वाटते. दुःखाचा वापर करतो आहे असे वाटते.

या भावनेत दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात, आणि त्या सुट्या केल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

एक म्हणजे काम जमल्याचा आनंद. एखादा परिच्छेद, तोही त्या शेवटच्या दिवसाविषयीचा, मनासारखा उतरतो आणि अंगात एक सूक्ष्म समाधान येते. लगेच मागून विचार येतो की हे समाधान मला होतेच कसे. हे समाधान मृत्यूचे नसते, वाक्याचे असते. सुताराने वडिलांच्या आठवणीसाठी बाक केला आणि सांधा नेमका बसला, तर त्याला बरे वाटणारच. याबद्दल स्वतःला दोष देऊ नये.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. घटना घडत असतानाच मनात टिपण चालू असते: हे लक्षात ठेवायला हवे, हे पुढे वापरता येईल. जवळजवळ प्रत्येक लेखकाला हे ठाऊक आहे आणि फारच थोडे जण ते कबूल करतात. ही सवय थांबवता येत नाही, असे माझे मत आहे. मात्र तिचे काय करायचे हे आपल्या हाती असते. एखादा तपशील केवळ वाचकाला धक्का बसावा म्हणून येतो आहे का, त्या माणसाचे जे रूप त्याने स्वतः कोणाला दाखवले नसते ते आपण दाखवतो आहोत का, असे प्रत्येक पानाला विचारावे. माझ्या वडिलांना आंघोळ घालण्याचा एक परिच्छेद मी चांगला लिहिला होता. तो अजून खाजगी वहीतच आहे.

बऱ्यापैकी सुरळीत चालले होते आणि अचानक पुन्हा सगळे थांबले. असे का होते?

वर्षदिवस, वाढदिवस, एखादा वास, एखादे सरकारी पत्र, यांपैकी काहीही पुरते. तारखा आधीपासून माहीत असतील तर त्या आठवड्यात नवे लेखन ठेवूच नये; टंकलेखन, संदर्भ तपासणे, फायली लावणे अशी कामे ठेवावीत. आजवरच्या अनुभवात असे दिसते की दुसऱ्यांदा थांबलेले लेखन पहिल्यापेक्षा लवकर सुरू होते, कारण आता वाट ठाऊक झालेली असते. कधीकधी कारण मात्र शोकाचे नसते, कथाच चुकीच्या वळणावर गेलेली असते. लेखनातला प्रत्येक अडथळा दुःखाच्या खात्यावर टाकण्याची सवयही लागू देऊ नये.

पुन्हा लिहावेसेच वाटले नाही तर?

तर लिहू नये. लेखन हे कोणावरचे कर्ज नाही. मात्र सगळे लेखन नकोसे झाले आहे की एकच प्रकार, हे पाहून घ्यावे. फ्रेंच कवी पॉल व्हालेरी यांनी १८९२ मधील एका मानसिक संकटानंतर जवळजवळ वीस वर्षे कविता बाजूला ठेवली. पण १८९४ पासून ते पहाटे उठून वहीत विचार टिपत असत, आणि हा क्रम १९४५ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालला. १९१७ मध्ये त्यांची एक दीर्घ कविता प्रसिद्ध झाली. ती झाली नसती, तरी वह्या होत्याच. कथा सोडून कोणी निबंधाकडे जातो, कोणी अनुवादाकडे, कोणी इतरांची पुस्तके घडवण्याकडे. यातला कोणताही मार्ग पराभवाचा मानायचे कारण मला दिसत नाही.

पहिला नवा खर्डा कोणाला दाखवावा?

ज्याने तो काळ आपल्याबरोबर काढला त्याला शक्यतो दाखवू नये. तो लेखन वाचणार नाही, आपण कसे आहोत हे वाचेल; आणि 'छान लिहिले आहेस' म्हणताना त्याचा आवाज भरून येईल, ज्याचा खर्ड्याला काही उपयोग नाही. जोडीदाराला वगळले जात असल्याचे वाईट वाटू शकते, म्हणून हे कारण त्याला आधीच सांगून ठेवावे. ज्याला भाषेची जाण आहे, ज्याचा त्या घटनेशी संबंध नाही आणि जो 'येथे मला कंटाळा आला' असे म्हणू शकतो, असा एकच वाचक शोधावा. त्याला प्रस्तावनादाखल काहीही सांगू नये. 'बऱ्याच दिवसांनी लिहिले आहे, सांभाळून घ्या' अशी चिठ्ठी जोडण्याचा मोह होईल. ती जोडल्यास वाचणारा खरोखरच सांभाळून घेतो आणि मग त्याच्या मतावर आपला विश्वास बसत नाही. पाने क्रमांक घालून, नाव आणि तारीख लिहून द्यावीत, आणि परत केव्हा घ्यायला यायचे तेवढे विचारावे.